तीन ते चार

मैत्रिणींनो,

दुपारची जेवणं उरकली आहेत, ओटा पुसून झाला आहे, भांडी पालथी घातली आहेत. मुलं शाळेत, नाहीतर झोपलेली. जरा पाठ टेकावी म्हणून तुम्ही हा अंक हातात घेतला आहे. खरं ना? दिवसभरातली ही एवढीच काय ती वेळ, जिच्यावर कुणी नाव कोरलेलं नसतं. आज मला ह्याच वेळेबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे.

मी नेरची. यवतमाळहून अमरावतीला जाताना एसटी जिथे थांबते, ते नेर परसोपंत. माहेर अमरावतीचं. १९८४ साली लग्न होऊन मी इथे आले, तेव्हा रुखवतात लाडू-करंज्यांच्या शेजारी माझी पेटीही मांडली होती. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत देत मी विशारद झाले होते. आमचे गुरुजी म्हणाले होते, ‘पोरी, गळा देवानं दिला, पण तो टिकवायचा तुलाच. रोज तासभर तरी बस.’ मी मान डोलावली. तासभर! त्यात काय एवढं, असं तेव्हा वाटलं होतं.

सासर चांगलं होतं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्ही म्हणाल, आता ही सासूचं रडगाणं लावणार. तसं काही नव्हतं हो. उलट सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायच्या, ‘आमची सून रेडिओसारखी गाते.’ पाहुणे आले की चहा-पोह्यांनंतर हमखास फर्माईश व्हायची. ‘म्हण वं एखांदं. गाणं म्हणाले काय जाते?’

काय जातं! मलाही तेव्हा उत्तर सुचायचं नाही. पदराला हात पुसत मी दाराशी बसायची, एखादं भावगीत म्हणायची आणि ‘वा वा’ ऐकून पुन्हा स्वैपाकघरात जायची. गाणं म्हणण्यात काही जात नाही, हे खरंच आहे. पण गाणं शिकण्यात आणि टिकवण्यात पुष्कळ काही जातं. तो हिशेब पाहुण्यांना दिसत नाही, आणि घरच्यांनाही दिसत नाही.

शास्त्रीय गाण्याची एक अडचण तुम्हांला सांगते. रागांना त्यांची त्यांची वेळ असते. भैरव, तोडी सकाळचे. सकाळी माझ्या हातात डब्यांच्या पोळ्या. पूरिया, मारवा दिवेलागणीचे. नेमकी तेव्हा फोडणी. यमन, भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचे. तेव्हा मुलांचे घास, मग झाकपाक, मग उद्याच्या भाजीची निवड. खर्जाचा रियाज पहाटेचा. पण लहानशा घरात पहाटे ‘सा’ लावायचा म्हणजे रात्रपाळी करून आलेल्या दिरांची झोपमोड. म्हणजे बघा, शास्त्रकारांनी आठ प्रहर वाटून दिले आणि त्यांतले सात आमच्या चुलीनं घेतले! उरला तो दुपारचा. म्हणून माझ्या वाट्याला आले भीमपलास, पटदीप आणि मुलतानी. पुढे कित्येक वर्षं मी ह्या तीन रागांवरच जगले.

पण तेही खूप पुढे. आधी तर दुपारही माझी नव्हती.

१९८८ सालची गोष्ट. मी आकाशवाणीच्या ऑडिशनसाठी अर्ज केला होता. ह्यांनीच फॉर्म भरून दिला होता, हेही सांगते. हिवाळ्यात बोलावण्याचं पत्र आलं. तारीख बघितली आणि पोटात धस्स झालं. त्याच दिवशी माझ्या धाकट्या नणंदेला बघायला पाहुणे येणार होते. आता थोरली सून, लेकीच्या बघण्याच्या दिवशी, दोन वर्षांची पोर सासूबाईंच्या अंगावर टाकून, गाणं म्हणायला परगावी जाणार? मी कुणाला विचारलंच नाही. पत्र घडी करून डाळीच्या डब्याखाली ठेवून दिलं. ह्यांनी एकदा विचारलं, ‘अगं, तुझ्या त्या पत्राचं काय झालं?’ मी म्हटलं, ‘येईल हो.’

पाहुणे आले. पोहे झाले, चिवडा झाला. मग नेहमीप्रमाणे कुणीतरी म्हणालं, ‘वहिनी फार छान गातात.’ आणि ज्या दिवशी मी मायक्रोफोनसमोर बसून ख्याल गायची होते, त्या दिवशी मी कपबश्यांचा ट्रे बाजूला ठेवून एक भावगीत गायले. पाहुणे खूष झाले. लग्न जमलं. नणंद सुखात आहे. ती अजून म्हणते, ‘वहिनी, तुमच्या गाण्यानंच माझं जमलं बरं का!’ मी हसते. तिची काही चूक नाही. तिला मी कधी काही सांगितलंही नाही.

मैत्रिणींनो, त्या दिवशी मला कुणी ‘जाऊ नको’ म्हटलं नव्हतं. हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण आपल्यापैकी पुष्कळजणींचं असंच असतं. अडवणारं कुणी नसतं. मग भांडायचं कुणाशी? राग तर येतो. तो मग भलत्याच ठिकाणी निघतो.

पुढच्या वर्षी मुलगा झाला. १९९० च्या सुमारास शेजारच्या एका बाईंनी विचारलं, ‘आमच्या पोरीला शिकवाल का?’ तिच्यापाठोपाठ आणखी तिघी आल्या. महिना तीस रुपये फी. आठवड्यातून तीन दिवस, दुपारी चार ते पाच. आणि काय चमत्कार झाला म्हणता! ज्या घरात मी आलाप घेत असताना खुशाल खलबत्ता चालायचा, मुलं येऊन गळ्यात पडायची, ‘अगं, माझा पेन कुठंय?’ अशी हाक यायची, त्याच घरात सासूबाई ओसरीवरच्या पोरांना दटावू लागल्या. ‘हळू बोला रे, तिचा कलास चालू हाये.’

तोच गळा, तीच पेटी, तीच सतरंजी. फरक एकच. आता त्यातून तीस रुपये येत होते. तोवर माझं गाणं ‘हौस’ होतं. आता ते ‘काम’ झालं. घर कामाला वाट देतं, हौसेला देत नाही. हौस उरल्या वेळात करायची असते, आणि बाईच्या दिवसात उरला वेळ नावाची वस्तू नसते.

मला बरं वाटलं, आणि वाईटही. कारण शिकवणं म्हणजे रियाज नव्हे. लहान मुलींकडून अलंकार घोकून घेताना आपला गळा तिथल्या तिथेच राहतो. माझं स्वतःचं गाणं मी अजून चोरूनच गात होते. कुकरच्या दोन शिट्यांच्या मधे, मुलगा झोपला की दहा मिनिटं, आंघोळीचं पाणी तापेपर्यंत पाच मिनिटं. चोरलेल्या वेळेचं एक वाईट असतं, बाई. ती कुणी मोडली की माणूस पिसाळतो.

१९९३ साली मुलगी सात वर्षांची झाली. तिचा आवाज गोड. मी एकदा तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, ‘सोनू, तू शिकणार ना माझ्याकडे?’ तिनं मान हलवली. नाही म्हणून. ‘का गं?’ ती पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाली, ‘तू गायला बसलीस की मला भीती वाटते. मग तू ओरडतेस.’

मी गार पडले. मला वाटत होतं, मुलांच्या कानावर सूर पडताहेत, घरात संस्कार होताहेत. आणि पोरीच्या मनात काय, तर पेटी उघडली म्हणजे आई आता चिडणार! तिला काही लागलं, भूक लागली, भावाशी भांडण झालं आणि ती आत आली, की माझा आवाज तारसप्तकात. तिचं म्हणणं अगदी खरं होतं.

त्या रात्री मी ह्यांच्याशी भांडले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. सगळं काढलं. डाळीच्या डब्याखालचं पत्रसुद्धा. हे बिचारे चक्रावून गेले. म्हणाले, ‘अगं, मी तुला कधी अडवलं? तू एकदा तरी मागितलंस का?’

रात्रभर ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं. सकाळी मला कबूल करावं लागलं, की ते अर्धं खरं आहे. मी मागितलं नव्हतं. मला वाटत होतं, ज्यांना माझ्याबद्दल माया आहे त्यांना आपोआप समजेल. पण उरलेलं अर्धं ह्यांनाही मी सांगितलं. ‘तुम्ही शाळेतून येऊन तासभर पेपर वाचता. तो तास तुम्ही कुणाकडे मागितला होता?’ हे काही बोलले नाहीत. पण संध्याकाळी पेपर वाचताना मधेच थांबून माझ्याकडे बघितलं, हे मी पाहिलं.

मग मी सासूबाईंकडे गेले. म्हटलं, ‘आई, मला रोज तीन ते चार एक तास हवा. क्लासचा नाही, माझा. तेवढा वेळ तुम्ही मुलांना बघाल का?’ मनात धाकधूक होती. त्या तांदूळ निवडत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, ‘मलेही गुरुवारी भजनाले जावं वाटते. चाळीस वर्सं झाली. मले कोणी इचारलं?’

मैत्रिणींनो, मी खाली बसले. आमच्या भागात तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांचं केवढं वेड, हे वेगळं सांगायला नको. मोझरी आमच्यापासून काही फार लांब नाही. गावात बायांचं भजनी मंडळ होतं. सासूबाई कामं करताना गुणगुणायच्या, ते मी रोज ऐकत होते. त्यांचा आवाज माझ्यापेक्षाही मोकळा होता. पण गुरुवारची संध्याकाळ म्हणजे सासऱ्यांचं लवकरचं जेवण, गाई-गुरांचा चारा, दिवाबत्ती. इतकी वर्षं मला वाटत होतं, ह्या घरात गाणारी मी एकटी. मी तरी त्यांना कुठे विचारलं होतं?

तिथल्या तिथे सौदा ठरला. दुपारी तीन ते चार मुलं त्यांच्याकडे. गुरुवारी संध्याकाळी साऱ्या घराचं माझ्याकडे. पहिल्याच गुरुवारी त्या नवं लुगडं नेसून, हातात टाळ घेऊन निघाल्या, तेव्हा सासरे ओसरीवरून बघतच राहिले. त्या दिवशी भाकरी मी केल्या आणि कढी ह्यांनी ढवळली. थोडी फुटली. पण खाल्ली सगळ्यांनी.

ह्याच सुमारास गावातल्या एका कार्यक्रमात एका वक्त्यांनी मला डोस पाजला. ‘बहिणाबाईंनी जात्यावर दळता दळता काव्य रचलं. तुम्हा आजच्या बायकांना वेगळा वेळ कशाला लागतो?’ टाळ्या पडल्या. मीही हसले. घरी येऊन मात्र विचार करत बसले.

बहिणाबाई चौधरी माझ्याही दैवत आहेत. पण जातं आणि ओवी ह्यांचं नातं निराळं आहे. जात्याच्या फेऱ्याची लय हीच ओवीची लय. हात फिरतो तसा शब्द येतो. ख्यालाचं तसं नाही. पोळी लाटताना विलंबित लय धरता येत नाही. धरली तर पोळी करपते. प्रत्येक कलेला लागणारा वेळ वेगळा. कुणाला सलग तास लागतो, कुणाला चांगला उजेड लागतो, कुणाला नुसतं दार लोटून बसणं लागतं.

आणि दुसरं म्हणजे, बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांची गाणी उतरून घेतली ती त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि घरातल्याच एकांनी. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ पुस्तकरूपानं आली, ती आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. मुलानं कागद-पेन्सिल घेतली नसती तर? त्या वक्त्यांनी ज्या जात्याचं कौतुक केलं, त्या जात्याबरोबरच ती गाणीही गेली असती. किती जात्यांबरोबर किती गाणी गेली असतील, ह्याचा हिशेब कुणाकडे आहे? म्हणजे बहिणाबाईंच्या उदाहरणातून मला तर उलटंच दिसतं. बाईच्या कलेची घरातल्या एकानं जरी कामासारखी दखल घेतली, तरी ती टिकते.

मग मी एकेकीचं चरित्र ह्या नजरेनं वाचू लागले. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर. गोव्यातल्या कुर्डी गावात १९०४ साली जन्म. लहानपणी नाटक कंपनीत, पुढे अल्लादिया खाँसाहेबांची तालीम. यजमान अकाली गेले. पदरात तीन मुलं. गाण्यावर घर चालवलं, मुलं वाढवली, आणि थोरल्या लेकीला, किशोरीला, अशी तालीम दिली की पुढे साऱ्या देशानं ऐकावं. लहानगी किशोरी आईच्या मागे तंबोऱ्यावर बसायची. मोगूबाईंना १९७४ साली पद्मभूषण मिळालं. कुर्डी गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याचे अवशेष दिसतात म्हणे. पण मोगूबाईंचं गाणं बुडालं नाही.

वाचताना छाती अभिमानानं भरून आली, आणि मग एक विचार येऊन मी थबकले. तुम्हांलाही तो कडू लागेल, पण बोलते. बहिणाबाईंना ऐन तिशीत वैधव्य आलेलं. मोगूबाईंचे यजमान मुलं लहान असतानाच गेलेले. कवयित्री इंदिरा संत. १९४६ साली पती ना. मा. संत गेले, तीन मुलं, बेळगावला शिक्षिकेची नोकरी आणि कविता. कपाळावर आकाश कोसळलं आणि मग ह्या बायका ताठ उभ्या राहिल्या. त्यांच्या पायांवर डोकं ठेवावं. पण आपण त्यांचीच उदाहरणं एवढ्या आवडीनं का सांगतो? बाईवर संकट आलं की तिची कला लगेच ‘काम’ ठरते, आणि घरात सगळं ठीक असलं की ती ‘हौस’ राहते, असं तर नाही? आपल्या कपाळाला कुंकू आहे, घरात माया आहे. मग कलेला काम म्हणवून घ्यायला आपण काय दुःखाची वाट बघायची?

म्हणून मला माणिक वर्मा फार जवळच्या वाटतात. माणिक दादरकर म्हणून त्या नावारूपाला आल्या होत्या. सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर ह्यांच्याकडे शिकलेल्या. १९४९ साली अमर वर्मांशी लग्न झालं. चार मुली झाल्या. आणि गाणं? १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ झालं, त्यात माणिकताईंचा आवाज होता. ख्याल, ठुमरी, नाट्यपद, भावगीत सगळं चालू. १९७४ साली पद्मश्री. मुलींपैकी भारती आचरेकर, वंदना गुप्ते रंगभूमीवर आल्या, राणी वर्मा गायला लागल्या. मी नेहमी मनाशी चित्र रंगवते. त्या घरात कधी ना कधी कुणीतरी त्या चौघींना सांगितलं असेल, ‘आई रियाजाला बसली आहे, आता हाक मारायची नाही.’ आणि त्यात कुणाला अघटित वाटलं नसेल. किशोरीताईंचंही तसंच. यजमान रवींद्र आमोणकर शिक्षक, घरात दोन मुलगे, आणि गाणं हे काम. हौस म्हणून कोण म्हणणार त्याला?

तुम्ही म्हणाल, अहो, त्या माणिक वर्मा, त्या किशोरीताई! आपण कुठं? बरोबर आहे. मी नेरची एक गाणारी बाई. १९९७ साली मी पुन्हा ऑडिशनचा अर्ज केला. ह्या वेळी तारीख सगळ्या घराला सांगितली, कॅलेंडरवर लाल गोल केला. हे सोबत आले. एसटीत मी खिडकीशी बसून भीमपलास घोकत होते. आणि काय सांगू, नापास झाले! गळ्याची तेरा वर्षं गेली होती, ती मागून भरून निघत नाहीत. परत येताना ह्यांनी मला बसस्टँडवर चहा पाजला. मला वाटलं होतं, मी रडेन. पण रडू आलं नाही. १९८८ साली न जाण्याचं जे ओझं होतं, ते जाऊन नापास होण्याचं नव्हतं. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, ‘काय झालं वं?’ मी म्हटलं, ‘नाही घेतलं, आई.’ त्या म्हणाल्या, ‘मंग? उद्या तीन वाजता बसशील नं?’

बसले. त्या दिवसापासून आजवर बसते आहे.

एक आणखी आठवण. जानेवारी २०१९ मध्ये आमच्या यवतमाळला ब्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्षा अरुणा ढेरे. उद्घाटनावरून बराच वाद झाला, तो तुम्ही वाचला असेलच. शेवटी उद्घाटन केलं ते कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे ह्यांनी. शेतकरी नवऱ्यानं आत्महत्या केलेली ही आमच्याच जिल्ह्यातली बाई. श्याम पेठकरांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे ह्यांनी बसवलेल्या ‘तेरवं’ नाटकात ती काम करत होती. शेतकऱ्यांच्या विधवाच त्या नाटकात उभ्या राहिल्या होत्या. एवढ्या मोठ्या मांडवात ती बोलायला उभी राहिली, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आणि मनात तोच जुना प्रश्न: तिच्यातली ही ताकद तेव्हाच आली का? की ती आधीपासून होती आणि कुणी विचारलं नव्हतं?

असो. फार बोलले. ह्या अंकात पाकक्रिया आणि शिवणाच्या सूचना असतात, म्हणून मीही चार गोष्टी तशाच सांगते. अनुभवाच्या आहेत, करून बघा.

पहिली गोष्ट, जे काय करता ते मोठ्यानं नाव घेऊन सांगा. ‘जरा बसते’ म्हणू नका. ‘मी रियाजाला बसते’, ‘चित्र काढायला बसते’, ‘लिहायला बसते’ असं म्हणा. पहिल्यांदा जीभ अडखळेल. आठवडाभरात घराच्या कानाला सवय होते.

दुसरी, वेळ ठरलेली हवी. लहान असली तरी चालेल, पण रोज तीच. ‘मिळेल तेव्हा’ म्हटलं की मिळत नाही. आणि त्या वेळात दूध, कुकर, इस्त्री असलं काही चालू ठेवू नका. अर्धं मन तिकडे राहतं आणि मग आपण मुलांवर डाफरतो.

तिसरी, मुलांना घालवून देऊ नका, सांगून ठेवा. घड्याळाचा मोठा काटा बारावर आला की आई मोकळी, हे चार वर्षांच्या पोरालाही समजतं. मात्र बारावर आला की पेटी बंद करून खरोखर त्यांच्याकडे जा. शब्द पाळलात तर तीही पाळतात.

चौथी, मागताना द्यायचीही तयारी ठेवा. घरातल्या दुसऱ्या बाईलाही काहीतरी करायचं असतं. सासू असो, जाऊ असो, नणंद असो, एकदा विचारा. आणि पुरुषांना कढी ढवळू द्या. फुटली तर फुटली.

पाचवी, एखाद्या दिवशी तो तास मोडतो. लेकराला ताप येतो, पाहुणे येतात, लाइट जाते. मोडू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. एक दिवस मोडला म्हणून सगळं मोडलं, असं समजण्यात माझी नऊ वर्षं गेली.

सासूबाई २००९ साली गेल्या. त्यांचे टाळ माझ्या खोलीत खुंटीला लटकवले आहेत. खाली माझी पेटी. तंबोरा आता मोबाइलमध्ये वाजतो, ही एक नवी सोय झाली आहे. मुलगी पुण्याला नोकरी करते, तिला एक लेक आहे. ती गाणं काही शिकली नाही. माझ्या ओरडण्यानं ते गेलं, हे दुःख माझ्याजवळच राहील. पण सुट्टीत ती मातीची भांडी करायला शिकायला जाते. दर रविवारी सकाळी दोन तास, आणि तेवढा वेळ जावई लेकीला सांभाळतात. त्यांना हे कुणी शिकवलं, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, ‘कुणी नाही. मी सांगितलं, की हे माझं काम आहे.’

तिचा फोन मला रोज येतो. सकाळी येतो, रात्री येतो. तीन ते चारमध्ये कधी येत नाही.

बरं, आता लेखणी ठेवते. घड्याळात तीनला पाच कमी आहेत. आज मुलतानी घोळवायचा आहे. तुमचंही जे काय असेल ते काढा बाई माळ्यावरून, धूळ झटका, आणि घरात सांगून बसा.

तुमची,
नेरची एक मैत्रीण